जुन्या लॅपटॉपला चार कोअर मिळाले

बाबांच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ एडिट करायचं काम माझ्याकडे असतं. एकादशीचं दोन तासांचं भजन एक्सपोर्टला (एडिट केलेल्याची शेवटची व्हिडिओ फाइल बनवायला) लावलं की माझा लॅपटॉप, थिंकपॅड टी४४०पी, साडेपाच तास घरघरत बसायचा. आत इंटेलचा आय५-४३००एम प्रोसेसर, म्हणजे दोनच कोअर, काम करणारे दोनच हात म्हणा ना. रॅम १६ जीबी केली, एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, मशीन झटकन सुरू व्हायला लागलं पण एक्सपोर्ट जैसे थे, कारण ते काम प्रोसेसरचं. सगळे म्हणाले नवा घे. पण या कीबोर्डवर माझा हात बसलाय आणि मशीन अजून धडधाकट आहे, ते टाकून द्यायला मन होईना.

मग कळलं की याचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, काढून दुसरा टाकता येतो. सगळ्या लॅपटॉपना हे जमत नाही बरं का. इंटेलच्या चौथ्या जनरेशनमध्ये नावाच्या शेवटी एम किंवा एमक्यू असेल तर सॉकेटवाला, एचक्यू किंवा यू असेल तर बोर्डवरच सोल्डर केलेला. मी स्वस्त दिसला म्हणून ४७००एचक्यू कार्टमध्ये टाकलाच होता, पैसे भरायच्या आधी अक्षरं नीट वाचली म्हणून वाचले! पाचव्या जनरेशनपासून तर इंटेलचे लॅपटॉपवाले प्रोसेसर सोल्डर केलेलेच येतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, चांगल्या मशीनचं आयुष्य वाढवायचा एक रस्ताच बंद झाला.

शेवटी सेकंडहँड आय७-४७००एमक्यू घेतला, ४ कोअर, ८ थ्रेड (म्हणजे एकावेळी आठ कामं हाताळणारा), ६ एमबी कॅश (प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी). हा ४७ वॅटचा, जुना ३७ चा, म्हणून ६५ वॅटचा चार्जर बदलून ९० चा घेतला. बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करून ठेवला.

काम सोपं आहे पण घाई नको. बॅटरी काढली, खालचं झाकण दोन स्क्रूंचं, ते सरकवलं की फॅन आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) समोरच. आधी लॅपटॉप थोडा वेळ चालवून गरम केला होता, त्यामुळे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट सुटली, नाहीतर ओढाताण होते. सॉकेटच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्धा फिरवला की प्रोसेसर मोकळा. नवा ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा आणि अजिबात दाबायचं नाही, तो आपोआप आत बसतो, बसत नसेल तर काहीतरी चुकतंय. पिना वाकल्या तर संपलं. हे करताना मी श्वास रोखून धरला होता.

पहिल्यांदा हीटसिंकचे स्क्रू मी एका बाजूने घट्ट करत गेले आणि एक्सपोर्ट लावल्यावर प्रोसेसरचं तापमान थेट ९८ अंश सेल्सिअसवर गेलं. परत उघडलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसलं, वाटाण्यापेक्षा लहान थेंब पेस्ट लावली आणि स्क्रू त्यांच्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळले. आता भर कामातही ८५-८८ च्या आसपास राहतं. फॅनचा आवाज वाढलाय, बॅटरीही थोडी लवकर उतरते.

काल तेच दोन तासांचं भजन परत लावून बघितलं. तीन तासांच्या आत फाइल तयार, रात्री झोपायच्या आधी बाबांच्या फोनवर पाठवली सुद्धा, आणि त्यांनी शेवटचा अभंग दोनदा ऐकला.