‘डीपीतून’ पुढे : वीज टिपताना आलेला अनुभव

मी साताऱ्याकडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात विचारलं, “वीज कुठून येते?” एकाने लगेच सांगितलं, “डीपीतून,” म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून. बाकीच्यांनाही ते पटलं होतं. त्या सुट्टीत कॅमेरा घेऊन डीपीच्या पलीकडे जायचं मी ठरवलं.

सुरुवात जवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून केली. पहिल्या दिवशी पवनचक्क्यांचे शंभरेक फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर प्रत्येक चक्की बंद पडल्यासारखी दिसत होती. शटर एवढं वेगवान होतं की फिरणारी पाती जागीच गोठली होती. पुढच्या खेपेला लेन्सवर उजेड कमी करणारा काळसर एनडी फिल्टर लावला, शटर एक पंधरांश सेकंदावर आणलं. मग पाती फिरताना दिसायला लागली, पण वाऱ्याने ट्रायपॉडच थरथरायचा. तिथे गुरं राखणाऱ्या एका काकांनी दगड भरलेली पिशवी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला अडकवून दिली. “वारं थांबायचं न्हाई, तुमीच जड व्हा,” म्हणाले. त्या दिवशीच्या सगळ्यात चांगल्या फोटोत पुढे त्यांची म्हैस आहे आणि मागे फिरतं पातं.

कोयनेने मात्र दमवलं. धरण आणि वीजगृह ही संरक्षित ठिकाणं, तिथे परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही. अर्ज केला, तो दोन महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि नकार आला. खूप वाईट वाटलं. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला वळवून चार टप्प्यांत १९२० मेगावॅट वीज काढायची क्षमता आहे, आणि ते सगळं डोंगराच्या पोटात. फोटो काढायचा तरी कशाचा?

उत्तर रायगड जिल्ह्यात मिळालं, कोयना धरणग्रस्तांच्या एका पुनर्वसित गावात. एका आजींच्या पडवीत दगडी जातं होतं. वरच्या तळीची कड हात लागून लागून गुळगुळीत झालेली, खुंटा नवा बसवलेला. “घर गेलं, देऊळ गेलं, शेत गेलं. ह्ये तेवढं गाडीत घातलं मी,” त्या म्हणाल्या. फ्लॅश न लावता, दारातून येणाऱ्या उजेडात त्यांचा हात आणि जातं टिपलं. खाली फक्त ‘कोयना’ लिहिलं.

सौर पॅनेलचं काम सोपं होतं. सकाळी लवकर गेलं आणि लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला की काचेवरची चकाकी जाते.

शेवटी कोळसा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका औष्णिक केंद्राजवळच्या वस्तीत तीन दिवस राहिले. धुराडी लांबून फार देखणी दिसतात, संध्याकाळच्या उन्हात तर जास्तच, आणि मला त्याचीच भीती होती. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. ती पकडायला यंत्रं असतात, तरी बारीक कण सुटतात, आणि साठवलेली राख वाळली की वाऱ्यावर उडते. हे फोटोत कसं आणायचं?

वाळत घातलेले कपडे झटकणाऱ्या एका ताईंना विचारलं, फोटो काढू का? म्हणाल्या, “काढा ना जी. पण तुम्ही दुपारून या, तेव्हा जास्त पडते.” दुपारून गेले. दोरीवर शाळेचा पांढरा सदरा होता. ताईंनी कॉलरच्या घडीतून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाच्या रेषांमध्ये करडी पूड बसली होती. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने ते बोट टिपलं. मागे अंधुक धुराडं आहे, पण बघणाऱ्याची नजर बोटावरच जाते.

तंत्र शिकता येतं. पण ऊर्जेचा स्रोत दाखवताना त्याच्या शेजारी राहणारं माणूस चौकटीत हवंच, असं माझं ठाम मत झालंय. शाळेत बारा फोटो लावले. मुलं पवनचक्क्यांपुढून पटापट गेली आणि जात्यापुढे थांबली. “बाई, यात वीज कुठंय?” मग तासभर मी कोयनेबद्दल बोलले. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

ज्यांचे ज्यांचे फोटो होते त्यांना प्रती पाठवल्या. चंद्रपूरच्या ताईंचा फोन आला. फोटो काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलाय म्हणाल्या. “छान दिसते. काच तेवढी रोज पुसावी लागते.”