मार्चचा पगार आणि चार रुपयांचा घोळ

आजचा अख्खा दिवस मार्चच्या पगारपत्रकात गेला. इंदूरच्या मंडळींसाठी आधी प्रोफेशनल टॅक्स (पगारातून कापायचा राज्याचा व्यवसाय कर): वर्षाला ४ लाखांवर पगार असेल तर २,५०० रुपये, म्हणजे अकरा महिने २०८ आणि बाराव्याला २१२. सॉफ्टवेअर मार्चलाही २०८च ओढतं आणि चार रुपयांसाठी ताळा जुळत नाही!

खरी डोकेदुखी वर्षाच्या मधेच रुजू झालेल्यांची. समजा आधीच्या कंपनीत साडेसहा लाख मिळाले, आपल्याकडे साडेसहा. दोन्हीकडे ७५,००० ची प्रमाणित वजावट, दोन्हीकडे कर शून्य. एकत्र केलं की १३ लाख, वजावट मात्र एकदाच, उरले सव्वाबारा. आयकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही; थोडं वर गेलं तर मार्जिनल रिलीफ, म्हणजे कर त्या वरच्या रकमेहून जास्त नाही. म्हणून १२ लाखांवरचे २५,००० एवढाच कर, वर ४ टक्के सेस (अधिभार): २६,०००. तोही एकट्या मार्चच्या पगारातून. फॉर्म १२बी (आधीच्या कंपनीतल्या पगाराचा आणि कराचा तपशील) रुजू होतानाच घ्या हो, आता मागितला की माणूस तोंड फिरवतो.

आयकराच्या जुन्या पद्धतीवाल्यांच्या घरभाडे भत्त्यावरच्या सवलतीला इंदुरात मूळ पगाराच्या ४० टक्क्यांचीच मर्यादा, कुणी कितीही हुज्जत घालो. भाडं वर्षाला लाखावर गेलं तर घरमालकाचा पॅन हवाच.

मार्चचा टीडीएस (पगारातून कापलेला आयकर) ३० एप्रिलपर्यंत भरायचा, २४क्यू म्हणजे त्याचं तिमाही विवरणपत्र ३१ मेपर्यंत. विवरणपत्राला उशीर झाला तर रोज २०० रुपये. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू, पगाराच्या टीडीएसचं कलम १९२ऐवजी ३९२. पण मार्चची कपात एप्रिलमध्ये भरली तरी चलन जुन्याच कायद्याखाली, करनिर्धारण वर्ष २०२६-२७.