पुडा उलटा करून

कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात बिस्किटांच्या फळीपाशी जरा वेळ उभं राहिलं, की आमच्या जमातीतला माणूस लगेच ओळखू येतो. बाकीचे पुडा उचलतात आणि टोपलीत टाकतात. हा पुडा उचलतो, उलटा करतो, हातभर लांब धरतो, पुन्हा नाकाशी आणतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि शेवटी मोबाइल काढून पुड्याच्या पाठीचा फोटो घेतो. फोटो बोटांनी मोठा करून वाचतो, ओठ हलतात. एव्हाना मागून कोणीतरी ‘काका, जरा सरकता का’ म्हणतं.

शुगर निघाल्यापासून मीही या जमातीत आहे. या दुखण्याचा खवचटपणा असा, की साखर वाढली की नजर धूसर होते. डोळ्यातलं भिंगच फुगतं म्हणे, आणि आठवडाभर चष्म्याचा नंबर बदलल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं हयगय केली तर घाला थेट पडद्यावर. म्हणजे जी अक्षरं वाचायची गरज सगळ्यात जास्त, ती ज्याला दिसायची नाहीत असा गिऱ्हाईक, आणि त्याच्यासाठी छापलेलं काय, तर तपकिरी वेष्टनावर सोनेरी मुंगीअक्षर. कागद चकचकीत असला की दुकानाच्या दिव्याखाली सगळंच पांढरं. तक्त्याचा उजवा रकाना बरेचदा शिवणीत गेलेला असतो, आणि आकडे नेमके उजव्याच रकान्यात असतात.

कायद्याला नावं ठेवायला मात्र फारशी जागा नाही. एफएसएसएआय ही देशातली अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था. तिच्या 2020 च्या नियमांप्रमाणे ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण, संपृक्त आणि ट्रान्स फॅट, सोडियम असं सगळं पुड्यावर सांगावं लागतं. शिवाय एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा पोटात जातो, तेही. ही गरज मोजताना दिवसाला 2000 किलोकॅलरी आणि वरून घातलेली साखर 50 ग्रॅम धरलेली आहे. 50 ग्रॅम! हा आकडा आमच्या डॉक्टरांना दाखवला तर ते खुर्चीतून उठतील. निरोगी माणसासाठी ती वरची मर्यादा आहे हे मला कळतं. पण पुड्यावर ‘घातलेली साखर, दिवसाच्या 8 टक्के’ असं वाचलं, की आमच्यातला एखादा बापुडा मनातल्या मनात उरलेल्या 92 टक्क्यांची सोय लावायला लागतो.

आणि हे सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरे. मराठीत छापायला कुणाची ना नाही, पण सक्तीही नाही, आणि सक्ती नसली की आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. माझी आत्या रोजचा पेपर श्रद्धांजलीच्या जाहिरातींसकट वाचून काढते. तिला शुगर आहे त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील. इन्सुलिनची मात्रा, उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती, सगळं तोंडपाठ. पण बिस्किटाचा पुडा तिच्या हातात दिला की ती फक्त हिरवा ठिपका बघते. तेवढाच काय तो तिला कळेल अशा भाषेत असतो.

मागे तिच्याकडे चहाला गेलो होतो. तिने डबा पुढे केला. ‘ही घे, साखर कमी असलेली आहेत. गव्हाची.’ पुडा नामांकित होता, पुढे गव्हाच्या ओंब्या आणि ‘फायबरयुक्त’ असा पट्टा. सवयीप्रमाणे मी तो उलटा केला. शंभर ग्रॅममध्ये साखर 15 ग्रॅम आणि कर्बोदकं 68. एका बिस्किटाचं वजन कुठेच नव्हतं. पुड्याचं वजन भागिले बिस्किटं असा हिशेब मांडावा, तर बिस्किटं किती तेही लिहिलेलं नव्हतं. आत्याकडे पोस्टाच्या पाकिटांसाठी आजोबांनी घेतलेला छोटा काटा अजून आहे. त्यावर बिस्किट ठेवलं, 8 ग्रॅम भरलं. म्हणजे एका बिस्किटात जवळजवळ साडेपाच ग्रॅम कर्बोदकं. आत्या चहाबरोबर चार खाते. झाले 22 ग्रॅम.

‘मग? साखर तर कमीच आहे की त्यात.’

‘आत्या, एका पातळ फुलक्यात साधारण 15 ग्रॅम असतात. म्हणजे तू चहाबरोबर दीड फुलका खाल्लास.’

‘चहाबरोबर फुलका कोण खातं रे?’ ती म्हणाली, आणि पाचवं बिस्किट उचललं.

तिचं काही चुकत नव्हतं. पुड्यावर ‘साखर’ असा रकाना दिसला की आजारी माणूस तेवढाच वाचणार. मैद्याचं, रव्याचं, साबुदाण्याचं पोटात जाऊन शेवटी ग्लुकोजच होतं, हे त्या तक्त्यात कुठे लिहिलेलं नसतं. साखर हा कर्बोदकांचाच एक हिस्सा आहे, आणि आपल्याला आधी ती वरची मोठी बेरीज बघायची आहे, हे डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं असतं. पण ते सांगतात तेव्हा आपण रिपोर्टमधल्या तांबड्या आकड्याकडे बघत असतो. 2024 साली एफएसएसएआयने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त फॅट ठळक आणि मोठ्या अक्षरात छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही अर्धी वाजवली. कारण कर्बोदकं त्या ठळक मंडळींत नाहीत. म्हणजे आत्याचा गव्हाचा पुडा आता मोठ्या अक्षरात सांगणार, की बघा, साखर कशी बेताचीच आहे.

घटकांच्या यादीतली गंमत वेगळीच. जो घटक वजनाने जास्त तो आधी, असा नियम आहे. साखर एकाच नावाने घातली तर ती मैद्याच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरला येऊन बसेल. म्हणून थोडी साखर, थोडं लिक्विड ग्लुकोज, थोडं इन्व्हर्ट सिरप. प्रत्येकजण आपापल्या वजनाने खाली, यादीत मागे. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, तर त्याहून सोज्वळ. त्याची गणती साखरेच्या रकान्यात होतच नाही, आणि रक्तात जाऊन ग्लुकोज व्हायची घाई त्याला साखरेपेक्षा कमी नसते.

‘शुगर फ्री’ मिठाईबद्दल बोलावं तितकं थोडं. साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य घातलेल्या काजूकतलीच्या खोक्यावर पोट बिघडू शकतं अशी बारीक सूचना असते, कायदाच आहे तसा. सूचना वाचून लोक घाबरतात ते पोटाला, साखरेबद्दल मात्र निर्धास्त. वास्तविक माल्टिटॉलनेही रक्तातली साखर चढते, फक्त नेहमीच्या साखरेपेक्षा कमी. आणि काजूचं फॅट आहे तिथेच आहे. पण पाहुण्याच्या घरी ‘तुमच्यासाठी मुद्दाम आणलीय’ म्हणून ते खोकं पुढे आलं, की चार तुकडे खाल्ल्याशिवाय सुटका नसते. साधी काजूकतली असती तर अर्ध्या तुकड्यावर भागलं असतं.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडच्या पुड्यांवरची काळ्या रेघांची चौकट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला खरंच हेवा वाटला. 1990 चा कायदा, आणि 1994 पासून जवळजवळ प्रत्येक पुड्यावर ती चौकट, ठरलेल्या मांडणीत. सगळ्यात वर एका वेळचं प्रमाण, तेही अमुक बिस्किटं, अमुक कप अशा मापात. मग मोठ्ठ्या अक्षरात कॅलरी, खाली एकूण कर्बोदकं, त्यातला चोथा किती, साखर किती, आणि 2016 च्या सुधारणेनंतर वरून घातलेली किती तेही. ओटाच्या डब्यावर असो की लोणच्याच्या बाटलीवर, डोळा सवयीने योग्य ओळीवर जातो. अमेरिकेतल्या लोकांची शुगर त्याने काही उतरलेली नाही, ते सोडा. पण भावाच्या सासूबाई, ज्यांना इंग्रजी जेमतेम येतं, त्या चौकटीतली कर्बोदकांची ओळ बोटाने दाखवतात. शब्द त्यांना वाचता येत नाही, जागा पाठ झाली आहे.

चिलीने मात्र हा हिशेबाचा खटाटोपच गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून काढला. 2016 पासून तिथे ज्या पदार्थात साखर, मीठ, संपृक्त फॅट किंवा कॅलरी मर्यादेबाहेर आहेत, त्याच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन येतो. दोन दोषांना दोन अष्टकोन, तीनांना तीन. शिवाय असा अष्टकोन लागलेल्या खोक्यावर पोरांना भुलवणारी चित्रं चालत नाहीत, त्यामुळे साखर लावलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरच्या वाघाला तिथून जावं लागलं. मेक्सिकोने 2020 मध्ये हीच वाट धरली. आपल्याकडे 2022 च्या मसुद्यात अष्टकोनाऐवजी तारे आले, अर्ध्यापासून पाचपर्यंत, हॉटेलांना असतात तसे. साखर, मीठ, संपृक्त फॅट यांचे गुण वजा करायचे आणि चोथा, प्रथिनं, सुकामेवा यांचे वाढवून द्यायचे. म्हणजे भरपूर साखरेच्या बिस्किटात मूठभर ओट आणि बदामाचे काप टाकले की एखादा तारा वर. मला विचाराल तर आमच्यासाठी हे तारे काही कामाचे नाहीत. रक्ताला बदामाची वजाबाकी कळत नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटींवर. इतकं मोठं गिऱ्हाईक असूनही पुड्याच्या पुढच्या बाजूवर आमच्यासाठी चार बोटं जागा निघत नाही.

हे सगळं झालं पुड्यांचं. आपल्याकडे निम्मं खाणं पुड्यात येतच नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ‘अमुक तारखेपर्यंत खावे’ अशी पाटी लावायला 2020 पासून सांगितलेलं आहे, पण त्यात किती काय, ते विचारायचं नाही. आणि बचत गटाच्या, घरगुती उद्योगाच्या पिशव्यांवर वजन, किंमत आणि फोन नंबर एवढं सापडलं तरी नशीब.

आमच्या समोरच्या वहिनी डिंक-खजुराचे लाडू करून विकतात. चवीला फर्मास. पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘साखरविरहित – मधुमेहींसाठी उत्तम’. गेल्या दिवाळीत मी धीर करून विचारलं, वहिनी, एका लाडवात कर्बोदकं किती?

‘अहो, खजूर आहे. साखरेचा कण नाही.’

‘गूळ?’

‘गूळही नाही. गूळ चालतोच तसा, पण नाही घालत.’ गुळातही बहुतांश तेच सुक्रोज असतं, हा वाद मी त्या दिवशी टाळला. सणासुदीचे दिवस होते.

पण वहिनी बी.कॉम. आहेत, हिशेबाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बेल वाजवली, हातात वही. ‘चला, काढून टाकू.’ ओट्याशी उभं राहून आम्ही मांडलं. खजूर अर्धा किलो, त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश कर्बोदकं, म्हणजे 375 ग्रॅम. बदाम, काजू, तीळ मिळून पाव किलो, त्यांचे अंदाजे 50-55. तूप आणि डिंक धरून एकूण 800 ग्रॅमचा घाणा. लाडू 25 ग्रॅमचे, म्हणजे 32. वहिनींनी पेन्सिल चालवली. एका लाडवात साधारण 13 ग्रॅम.

‘म्हणजे फुलका झाला की हो जवळजवळ!’

‘जवळजवळ.’

‘आणि मी सासऱ्यांना रोज दोन देते. सकाळी एक, संध्याकाळी एक.’ त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘छापते मी. मराठीत छापते.’

आणि खरंच छापलं. नव्या पिशवीच्या मागच्या बाजूला स्वच्छ काळ्या अक्षरात, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड न करता वाचता येईल इतक्या मोठ्या टायपात: ‘एक लाडू 25 ग्रॅम. त्यात कर्बोदके अंदाजे 13 ग्रॅम. एका पातळ फुलक्यापेक्षा थोडी कमी.’ मी पिशवी हातात घेऊन मनापासून कौतुक केलं. मग सहज ती सुलटी केली. पुढे ‘साखरविरहित – मधुमेहींसाठी उत्तम’ जसंच्या तसं होतं, उलट आता हिरव्या रंगात.

‘वहिनी, हे?’

‘ते काढलं तर घेणार कोण?’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्यांनी काढलं तर मीही काढीन.’