बेचाळीसचे तीन शर्ट

पलंगावर तीन शर्ट पसरलेत. तिन्हींच्या कॉलरच्या आत ४२ छापलंय. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप आणला, या काखेपासून त्या काखेपर्यंत लावला आणि आलेल्या आकड्याची दुप्पट केली. पहिला शर्ट ४७ इंच, दुसरा ४४, तिसरा साडेत्रेचाळीस. टेप तिरपा धरला असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा दारातून आवाज आला, ‘‘अहो, शेत आहे का ते?’’

तिचं बरोबर आहे. गेली सव्वीस वर्षं मी लोकांची शेतं मोजतो. कधी उमरेडकडे, कधी काटोलकडे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाभावांत बोलणं बंद झालेलं असतं, दोन्हीकडची माणसं उन्हात उभी असतात आणि मधोमध आम्ही मशीन मांडतो. आधी साखळी होती, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, आता उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर आहे. वीतभर इकडेतिकडे झालं तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज पडतो आणि वरचा साहेब येऊन आमची मोजणी मोजतो. इथे छातीवर साडेतीन इंचांची तफावत, आणि हरकत नोंदवायला टेबलच नाही.

निमित्त भाचीच्या लग्नाचं. लग्न अमरावतीला, मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपात, उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत. कपाटातले सगळे शर्ट ‘लग्नात घातलेले’ झाले होते. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, दुकानात कशाला जाता उन्हात? मोबाईलवर मागवा. नाही बसला तर परत.’’ बाहेर ४५ होतं. मी ऐकलं.

तिथून हा अभ्यास सुरू झाला. मोजणीवाल्याला आकडा दिला की तो आकडा कशाचा आहे हे विचारल्याशिवाय राहवत नाही. ४० म्हणजे काय? काही ठिकाणी तो छातीचा इंच आहे. काही फॉर्मल शर्टांवर मात्र ४० म्हणजे कॉलरचे सेंटिमीटर, म्हणजे पावणेसोळा इंचांची मान. ३८, ४०, ४२, ४४ या सम आकड्यांच्या रांगेत मधेच ३९ कुठून घुसतो हे कोडं मला कॉलेजपासून होतं. तो हा गळ्याच्या मापातून आलेला पाहुणा. म्हणजे एकाच आकड्यानं एक जण माझी मान मोजतोय, दुसरा छाती, आणि दोघंही तो कॉलरच्या आत एकाच जागी छापतात.

बरं, छातीचा इंच म्हटलं तरी कोणाच्या छातीचा? माणसाच्या की शर्टाच्या? अंगाची छाती ४१ असेल तर शर्ट ४१ चा असून चालत नाही. श्वास घ्यायचा असतो, हात वर करून पंखा पुसायचा असतो. मध्ये सुटलेली ही जागा, शिंपी तिला ‘लूज’ म्हणतात, कोणी दोन इंच ठेवतो, कोणी सहा. ती किती ठेवायची हे सांगणारा कायदा नाही. काही तक्त्यांत अंगाचं माप दिलेलं असतं, काहींत कपड्याचं, आणि काहींत नुसतं ‘चेस्ट’. सातबारावर ‘क्षेत्र’ लिहून हेक्टर की एकर हे न सांगण्यासारखं आहे हे.

तयार मापांचा उगम शोधताना एक गोष्ट सापडली आणि बराच उलगडा झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, दोन्ही बाजूंना एकदम ढिगांनी गणवेश लागले. एकेकाला टेलर मास्तरकडे पाठवायला सवड कुठली? सैनिकांची मापं घेतली गेली तेव्हा दिसलं की अमुक छातीसोबत तमुक कंबर वारंवार येते. मग त्याच जोड्यांचे गठ्ठे शिवून टाकले. आता सैनिक म्हणजे कोण? तरुण, अर्धपोटी, रोज पायपीट करणारा. रेडीमेडवाल्यांच्या डोळ्यांसमोरचा माणूस अजून तोच असावा. कोटाच्या धंद्यात छाती आणि कंबर यांतल्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि तो साधारण सहा इंचांचा धरतात. माझी छाती ४१, पोट ४०. माझा ड्रॉप एक इंच, आणि तोही सकाळी, तर्री पोहे खायच्या आधी.

असा माणूस स्लिम फिटमध्ये शिरला की काय होतं ते सांगतो. कॉलर लागते. पहिलं बटन लागतं. दुसरं लागतं. तिसरं लागतं पण कुरकुरत. तिसऱ्या आणि चौथ्या बटनाच्या मध्ये कापडाला एक डोळा उघडतो आणि त्यातून बनियन बाहेर बघते. उभं राहिलं की डोळा मिटतो, बसलं की उघडतो. म्हणजे लग्नात पंगतीला बसलो की अख्ख्या अमरावतीला दिसणार.

‘‘बाबा, पोट थोडं आत घ्या,’’ मुलाचा सल्ला. पाच तास?

त्याचं म्हणणं असं की रेग्युलर फिट म्हातारे घालतात. स्लिम म्हणजे कंबरेत आत घेतलेला, मुंढा (काखेचा घेर) उंच, बाही निमुळती, पाठीला दोन उभे डार्ट, म्हणजे शिवून टाकलेल्या चुण्या. कापडात दोन-तीन टक्के ताणणारा धागा घालतात, तो ‘स्ट्रेच’ या नावाखाली आपल्या जेवणाची जबाबदारी घेतो. फोटोतला मुलगा सहा फूट एक इंच, घातलेला साइज एम, असं खाली प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. मी पाच फूट सहा. त्याच्या पट्ट्याखाली चार बोटं येणारा शर्ट माझ्या मांडीपर्यंत पोचतो. सूटबूट घालून एसीत बसणाऱ्या गावाचं माहीत नाही, पण नागपुरात शर्ट आणि अंग यांच्यामध्ये थोडी हवा खेळती लागते. इथे उन्हाळ्यात माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतो, कुलरच्या वाळ्याला पाणी मारतो, आणि त्याला तुम्ही पाठीला चिकटणारा शर्ट विकता. त्यातून काळा.

तेही या गावात! इथे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. आता त्या आवारात मॉल आहे. आमच्या लहानपणी मात्र कापड म्हणजे थानातून फाडलेलं. बाबा दिवाळीच्या आधी गांधीबागेतून एकच थान आणायचे आणि आम्ही तिघं भाऊ, शेजारचा चुलतभाऊ आणि उरल्यातून उशीचा अभ्रा, असे सगळे एका रांगेत उभे राहायचो. कापडाच्या काठाला ‘सॅन्फोराइज्ड’ असा ठसा असायचा. तो गिरणीच्या मालकाचा किताब असावा अशी माझी समजूत होती. पुढे कळलं, सॅन्फर्ड क्लुएट नावाच्या गृहस्थानं कापड आधीच आटवून घ्यायची युक्ती काढली, १९३० मध्ये तिचं पेटंट मिळालं, तिचा तो ठसा. विणताना सूत ताणलेलं असतं, पहिल्या पाण्यात ते सैल होतं आणि कापड आखडतं. म्हणून आई कापड रात्रभर बादलीत भिजवून मगच महाल भागातल्या टेलर मास्तरांकडे पाठवायची.

मास्तरांकडे जाडजूड वही होती. त्यांचा पोरगा लिहायचा आणि ते ओरडायचे: लांबी, तिरा (म्हणजे खांद्याची रुंदी), बाही, छाती, पोट, मुंढा, कॉलर. इंच आणि वर सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या लग्नाच्या वेळी मी नकळत पोट आत ओढलं तर टेप तसाच धरून म्हणाले, ‘‘भाऊ, श्वास सोडा. तुम्ही पोट आत घ्याल तं माप चुकन, अन् नाव माह्यं खराब होईन.’’ माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे डॉक्टरला माहीत नाही, बायकोला माहीत नाही, त्या वहीत आहे. विदर्भातल्या उन्हात खांद्यावर ट्रायपॉड वाहून तो तसा झालाय.

रेडीमेडमध्ये हा खांदा कुठे बसवणार? तिथे कापडाचे थरावर थर रचतात आणि एका झपाट्यात कापतात. वरचा थर जरा सरकला की तळातला शर्ट वेगळा. त्यात शिलाईची सूट. म्हणून एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन शर्टही जुळे नसतात. भारतीय अंगांची मापंच आपल्याकडे नाहीत, विलायती तक्त्यांवर भागवतात, हे सरकारलाही पटलं, आणि निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं ‘इंडियासाइज’ नावाची मोजणी हाती घेतली: १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसं, थ्री-डी स्कॅनर, सहा शहरं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू, शिलाँग. नागपूर नाही. देशाचा झिरो माइलचा दगड आमच्या गावात, आणि मोजायला आले तेव्हा आम्हाला वगळलं. आमचं पोट सावजी रश्श्यावर पोसलेलं, त्याची वेगळी नोंद व्हायला हवी होती.

ग्राहकांचे अभिप्राय वाचून काही कळेल म्हणून तेही वाचले. एका शर्टाखाली एक जण लिहितो, ‘एक साइज मोठा घ्या.’ त्याच्याच खाली दुसरा, ‘ढगळ आहे, एक साइज लहान घ्या.’ तिसऱ्यानं पाच तारे देऊन लिहिलंय, ‘अजून उघडला नाही.’

शेवटी मी माझ्या धंद्याची रीत वापरली. अंगाला सर्वात सुखाचा असा जुना निळा शर्ट काढला, टेबलावर सपाट अंथरला आणि त्याची मोजणी केली. छाती ४६, पोटाजवळ ४५, तिरा १८, लांबी २८. कागदावर नकाशाच काढला, बाणबिण दाखवून. आता कपड्याचं माप देणारा तक्ता असेल तरच पुढे वाचतो, नसेल तर पान मिटतो. या रीतीनं पलंगावरच्या तिघांपैकी ४७ वाला पास झाला. बाकीचे दोन परत.

परत करताना कारण निवडावं लागतं. यादी होती: साइज लहान, साइज मोठा, माल खराब, चित्रात दाखवल्याप्रमाणे नाही. या शेवटच्या ओळीवर माझं बोट बराच वेळ थांबलं. चित्रात दाखवल्याप्रमाणे नव्हतंच, पण त्यात शर्टाचा दोष किती आणि माझा किती, ते भरायला रकाना नव्हता. ‘साइज लहान’ निवडलं.

दुपारी दोनला पोरगा न्यायला आला. चेहरा रुमालात गुंडाळलेला, पाठीवर हे एवढं गाठोडं. बायकोनं त्याला माठातलं पाणी दिलं. त्यानं टॅग बघितले, घडी बघितली, फोटो काढला. त्याच्या अंगातल्या कंपनीच्या टी-शर्टची बाही कोपराच्याही खाली येत होती, खांद्याची शिवण दंडावर.

‘‘तुमचा कोणता साइज आहे हा?’’ मी विचारलं.

‘‘डबल एक्सएल, काका. माह्या एम आहे. पण त्याईच्याकडे हाच उरला होता.’’

‘‘मग बदलून नाही मागितला?’’

‘‘आमचा रिटर्न घेत नाई नं कोणी,’’ तो म्हणाला, आणि माझा ओटीपी विचारला.