काय लावलंस?

सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरवणाऱ्या ‘सेट’ या राज्य परीक्षेचा मराठी विषयाचा दुसरा पेपर दुपारी दीडला सुटतो, आणि आमचे महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरातल्या केंद्रांपैकी एक असल्यामुळे त्यानंतर फाटकाबाहेर रंगणारी चर्चा ऐकण्याचा योग मला अधूनमधून येतो. अंबाजोगाई, गंगाखेड, उदगीर, हिंगोली अशा ठिकाणांहून पहाटेची एसटी धरून किंवा आदल्या रात्री एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करून आलेली ही मंडळी ‘विद्यार्थी’ म्हणावीत अशा वयाची राहिलेली नसतात. कित्येक जण कुठल्याशा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असतात आणि काहींची लहान मुले आजीच्या कडेवर बसून फाटकापाशी वाट पाहत असतात. तरीही बाहेर पडल्याबरोबर त्यांच्या तोंडी येणारा पहिला प्रश्न दहावीच्या पोरांचाच असतो: “काय लावलंस?”

या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात, म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला बहात्तर सेकंद येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध वेडेपणा ठरतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले सगळे गोल काळे केले जातात. माझ्या मते पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या नियमात आहे. गुण कापले जात असते तर निम्म्यांनी “तो मी सोडला” असे सांगून माघार घेतली असती. येथे मात्र प्रत्येकाकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर असते. बाकावर बसून मारलेला तो तुक्का असतो, फाटकाबाहेर येईपर्यंत त्याचे मत होते, आणि चहाच्या टपरीवर पोहोचेस्तोवर त्याला एखाद्या संदर्भग्रंथाचा आधारही सापडलेला असतो.

कालानुक्रमाचा प्रश्न घ्या. विवेकसिंधू, लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी हा जुन्या मराठी ग्रंथांचा क्रम कोणालाही झोपेत सांगता यावा; पण विवेकसिंधू शके १११०चा, ज्ञानेश्वरी शके १२१२ची आणि लीळाचरित्र इसवी सन १२७८च्या सुमाराचे, अशी सरमिसळ ज्याच्या वहीत उतरलेली असते, तो इसवी सन काढण्यासाठी शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे विसरतो आणि ज्ञानेश्वरीला लीळाचरित्राच्या आधी नेऊन बसवतो. नेमकी ही गफलत करणारा उमेदवार विवेकसिंधू लिहिणाऱ्या मुकुंदराजांच्या अंबाजोगाईचाच निघाला, तेव्हा त्याच्या मित्रांना झालेला आनंद लपत नव्हता. त्याने मात्र हार मानली नाही. “लीळाचरित्राच्या काळाबद्दल मतभेद आहेत,” असे तो ठामपणे म्हणाला, आणि ते खोटेही नव्हते.

जोड्या लावण्याच्या प्रश्नावर वाद कमी होतो, कारण तेथे ज्ञानापेक्षा युक्ती जास्त चालते. साहित्यातला रस कसा निर्माण होतो याबद्दलच्या जुन्या संस्कृत मतांपैकी भट्ट लोल्लटाचा उत्पत्तिवाद आणि अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद एवढे पक्के असले की शंकुक आणि भट्टनायक या उरलेल्या दोघांची नावे अंधुक आठवली तरी पर्याय कापत कापत उत्तरापर्यंत जाता येते. विधान आणि कारण यांचे प्रश्न मात्र घसा बसेपर्यंत पुरतात, कारण दोन्ही बरोबर आहेत हे सर्वांना मान्य असले तरी कारण हे त्या विधानाचे स्पष्टीकरण आहे की नाही, यावर चौघांत पाच मते पडतात.

आपल्याकडच्या मुलांची खरी पंचाईत संतांच्या गावांवरून होते. जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबा तेरचे आणि एकनाथ पैठणचे, हे ज्याने शाळेच्या सहलीत पाहिलेले असते, त्याला प्रश्न इतका सोपा वाटतो की त्यात काहीतरी डाव असणार अशी शंका येऊन तो बरोबर उत्तरावरून उठतो. नामदेवांच्या जन्मस्थानाबद्दल तर अभ्यासकांतच नरसी आणि पंढरपूर असे दोन पक्ष आहेत. पर्यायांत ही दोन्ही गावे शेजारीशेजारी छापलेली असली की हिंगोलीचा उमेदवार चिडतो. “काय बोलालास रे? गावाचं नावच नरसी नामदेव आहे,” असे तो पंढरपूर लावणाऱ्या मित्राला सुनावत होता. तो मित्र कार्बन कॉपीवरच्या आपल्या काळ्या गोलाकडे पाहत फक्त एवढेच म्हणाला, “आमच्या सरांच्या नोट्समध्ये पंढरपूर होतं.”

येथून जवळच पैठणला नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि जो तीत आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे, असे बजावून ठेवले. फाटकाबाहेर जो तो आपापली नरोटी घेऊन उभा असतो आणि ताट कोणाचे, याची कोणाला फिकीर नसते.

मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. सेटमध्ये परीक्षेला बसलेल्यांपैकी सहा टक्केच उमेदवार पात्र ठरतात, त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर आपल्यापेक्षा वेगळे निघाले तर स्वार्थाच्या हिशेबाने अर्ध्या वेळा तरी आनंद व्हायला हवा. प्रत्यक्षात प्रत्येक जण आपल्यासारखेच उत्तर लावणारा माणूस शोधत घोळक्यातून फिरत असतो, आणि तो सापडला की दोघांचेही चेहरे उजळतात, मग ते उत्तर चुकलेले का असेना. एकट्याने बरोबर लिहिलेला माणूस तेवढ्या वेळापुरता फार केविलवाणा दिसतो. बाजूला उभा राहून तो पुस्तिकेचे तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो, आणि पुढच्या वेळी आपले उत्तर बदलायचे हे बहुधा तेथेच ठरवून टाकतो.

पुढे उत्तरतालिका जाहीर होते आणि आक्षेप नोंदवण्याची मुदत मिळते. त्यासाठी शुल्क भरावे लागते आणि पुरावाही जोडावा लागतो, हे कळताच फाटकाबाहेरच्या बहुतेक मतांचे पुन्हा तुक्के होतात. हिंगोलीच्या त्या उमेदवाराचे मात्र झाले नाही. तालिकेत पंढरपूर पाहून तो संध्याकाळी माझ्या घरी आला आणि चहाला नको म्हणत थेट विचारता झाला, “सर, नरसी छापलेला एखादा जाडजूड ग्रंथ आहे का तुमच्याकडे?” होता. पंढरपूर छापलेलाही त्याच फळीवर होता. मी त्याला पहिलाच काढून दिला.