निओफेचपायी गेलेली संध्याकाळ

जुन्या लॅपटॉपवर डेबियन 13 ही लिनक्स प्रणाली टाकली. म्हटलं, हवे ते प्रोग्रॅम आपोआप बसवणारी आपली सेटअप स्क्रिप्ट आहेच, ती चालवायची आणि चहा घ्यायचा. चहा घेऊन आलो तर स्क्रीनवर एकच ओळ: ‘अनेबल टू लोकेट पॅकेज निओफेच’. खाली प्रॉम्प्ट लुकलुकतोय.

निओफेच! म्हणजे टर्मिनलमध्ये लोगो नि मशीनची माहिती दाखवणारं खेळणं. त्याचा प्रकल्प 2024 मध्येच बंद झालाय. पण मी सगळी पॅकेजं (बसवायचे प्रोग्रॅम) एकाच अ‍ॅप्ट-गेटच्या, म्हणजे ती बसवणाऱ्या कमांडच्या, ओळीत कोंबली होती. त्यातलं एक नाव सापडलं नाही की अ‍ॅप्ट गिट, कर्ल, व्हिम या कामाच्या प्रोग्रॅमनाही हात लावत नाही, 100 हा एक्झिट कोड (चूक झाल्याची खूण) देऊन मोकळं होतं. वर ‘सेट -ई’ (एक कमांड फसली की तिथेच थांब) लिहिलेलं, त्यामुळे स्क्रिप्टही तिथेच आडवी. नवरीच्या मेकअपवाल्या नाहीत म्हणून लग्नच रद्द!

मग दोन याद्या केल्या. ‘हवंच’वाली एका दमात, अडलं तर थांबायचं. ‘असलं तर बरं’वाली मात्र एकेक करून, लूपमध्ये. जे बसणार नाही त्याचं नाव बाजूला लिहून ठेवायचं आणि शेवटी एकदाच दाखवायचं. आधी प्रत्येकाला ‘टाकू का?’ विचारत होतो, पण चौथ्या प्रश्नालाच वैताग आला. आता सुरुवातीला एकदाच विचारतो, नुसतं एंटर दाबलं तर ‘नाही’.

दुसऱ्यांदा चालवली, शेवटी एकच नाव आलं: निओफेच. त्याच्या जागी फास्टफेच हे तसंच दुसरं खेळणं लिहिलंय. चहा पुन्हा गरम केला.