१२ हजार आणि ३५ हजार

आज धाकट्या भावासोबत पुण्याजवळ लॅब्रॅडॉर कुत्र्याची पिल्ले पाहायला गेलो होतो. पहिल्या ठिकाणी १२ हजार रुपये सांगितले, दुसऱ्या ठिकाणी ३५ हजार, आणि एकाच जातीच्या पिल्लांत एवढी तफावत का, हे दिवसभरात नीट उमगले.

पहिल्या ठिकाणी पिल्लांची आई दाखवायलाच तयार नव्हते. पिल्लू जेमतेम ५ आठवड्यांचे, जंतांमुळे पोट टम्म फुगलेले, डोळ्यांच्या कोपऱ्यांत चिकटा. खरे तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

दुसऱ्या ठिकाणी पैदास करणाऱ्या बाईंनी मादीच्या खुब्यांचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला, कारण लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असू शकतो आणि त्याची शस्त्रक्रिया फार महाग पडते. एका वहीत प्रत्येक पिल्लाचे रोजचे वजन लिहिलेले होते. मादीकडून वर्षाला एकच वेत घ्यायचे, तिचा गाभणपणातला आहार, लसी, मायक्रोचिप, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, हा सगळा खर्च त्या किमतीत असतो. नुसत्या कागदाने पिल्लू निरोगी ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितले, आणि त्यामुळे माझा विश्वास अधिक बसला.

पहिल्या ठिकाणचे ते पिल्लू मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. आम्ही बाईंकडे आगाऊ रक्कम देऊन आलो आहोत. पिल्लू घरी यायला अजून ३ आठवडे आहेत.